गाळलेला रकाना

"फिटरला आज काढून टाकायचंय," मालकीण म्हणाली. "त्याआधी तुम्ही फक्त हो म्हणा."

टपालबाईंना असली घाई मुळीच खपत नसे. टपाल कार्यालयात बावीस वर्षं पत्रांची वर्गवारी केल्यावर त्यांनी खासगी तपासाचं काम धरलं होतं, आणि जुन्या नोकरीचं नाव तेवढं चिकटून राहिलं होतं. सोबतीला धाकटा दीर असायचा. संगणकातला दर्दी, बाकी बाबतींत जरा सावकाश.

मालकीण कृत्रिम हात बनवायची. दोन वर्षं डोकं लावून तिनं अंगठ्याचा सांधा तयार केला होता, आणि गेल्या महिन्यात प्रतिस्पर्धी कंपनीनं तो जसाच्या तसा बाजारात आणला. आता मनगट तेवढं हातात होतं. तेही गेलं, तर कारखान्याला कुलूप लागणार होतं.

चोरीचा माग काढायला आठ दिवसांपूर्वी दिरानं कारखान्यातल्या एका जुन्या संगणकावर वेब सर्व्हर बसवला होता. कारखान्याच्या नावाची ईमेल कुठेही पोचली, की घेणारी यंत्रणा दुसऱ्या दिवशी अहवाल पाठवते: कोणत्या यंत्रावरून आली, किती आल्या, त्यांवर कारखान्याची डिजिटल मोहोर होती का. हे किचकट अहवाल उलगडून सर्व्हर त्यांचा एका पानावर तक्ता मांडायचा.

"यंत्र, संख्या, मोहोर. कसं सुटसुटीत!" दीर स्वतःवरच खूश होता. "अहवाल कुणी पाठवला, तो रकाना गाळला. पान उगाच रुंद होत होतं."

तक्त्यात एक परकं यंत्र दिसत होतं. सोमवारी तीन पत्रं, मंगळवारी दोन, काल बुधवारी एकही नाही. मोहोर मात्र प्रत्येकावर अस्सल.

"हे यंत्र एका शिक्षणसंस्थेचं आहे," दीर म्हणाला. "आपल्या नावानं तिथून खोटी पत्रं सुटतायत, वहिनी!"

"बघा!" मालकीण म्हणाली. "शिकलो आम्ही सगळेच तिथे, पण फिटर अजून तिथे जातो."

"काल तुम्ही काय करत होतात?" टपालबाईंनी विचारलं.

"तापानं फणफणले होते. कुणाला एक अक्षर लिहिलं नाही."

फिटर कापडाला हात पुसत आला. "मी कशाला ईमेल पाठवू? बोलायचं ते तोंडावर बोलतो. संस्थेत जातो, कारण तिथलं लेथ मशीन आपल्यापेक्षा बरं आहे. कालही दिवसभर तिथेच होतो."

मालकिणीचा धाकटा भाऊ कावलेला होता. "काल ताई नव्हती, म्हणून बत्तीस ग्राहकांना मी एकट्यानं लिहिलं. बघा की तक्त्यात." बत्तीसच्या बत्तीस पत्रं कारखान्याच्याच यंत्रावरून गेलेली दिसत होती.

दुपारी मालकिणीचे सर तिला भेटायला आले. याच माणसानं तिच्या हातात पहिली कानस दिली होती. ते येताच ती उठून उभी राहिली.

"रोज मला आराखडे पाठवते," सर कौतुकानं म्हणाले. "निवृत्त झालो, तरी ईमेलचा पत्ता संस्थेचाच आहे. राहू दिलाय त्यांनी."

"कालचा मनगटाचा आराखडा कसा वाटला?" टपालबाईंनी सहज विचारलं.

"उत्तम. स्प्रिंग जरा सैल हवी, एवढंच."

टपालबाईंनी सगळ्यांना मालकिणीच्या खोलीत बसवलं.

"भावोजी, तुमचा गाळलेला रकाना परत लावा."

पान रुंद झालं. परक्या यंत्राच्या प्रत्येक ओळीपुढे एकच नाव उमटलं: प्रतिस्पर्धी कंपनीचं.

"म्हणजे पत्रं त्यांच्याकडे पोचली," दीर चाचरत म्हणाला, "आणि त्यांच्याच यंत्रणेनं ते आपल्याला कळवलं?"

"रोज, न चुकता. तिला गप्प बस म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं." टपालबाई मालकिणीकडे वळल्या. "मोहोर तुमच्याच यंत्रावर उमटते. मजकुरात ढवळाढवळ झाली, तर ती मोडते. इथे ती शाबूत आहे. म्हणजे ही खोटी पत्रं नाहीत, तुमचीच आहेत. ती कुणाला तरी मिळत होती आणि तिथून आपोआप पुढे रवाना होत होती. मोहोर तुमची, पोचवणारं यंत्र परकं."

"मग फिटर?"

"तुमची आपसातली पत्रं कारखान्याबाहेर जातच नाहीत. काल फिटर संस्थेत होते, भावानं बत्तीस पत्रं लिहिली, तरी परक्या यंत्रापुढे शून्य. काल गप्प होतात त्या एकट्या तुम्ही. संस्थेच्या पत्त्यावर तुम्ही रोज कुणाला लिहिता?"

मालकिणीनं सरांकडे पाहायचं टाळलं.

"हा अंदाज झाला," सर म्हणाले.

"काल तिनं तुम्हाला काहीही पाठवलं नव्हतं, सर. तरी तुम्ही त्यात स्प्रिंग सैल करायला सांगितलीत. तुम्ही तिची पत्रं वाचतच नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "त्यांनी मला सल्लागार नेमलंय," ते अखेर म्हणाले. "दोन महिने झाले. तीस वर्षं शिकवलं, पण माझं नाव कशावर आलं नाही. त्यांच्या कृत्रिम हातावर येणार आहे."

"पण तुम्ही मला उत्तरं देत होतात," मालकीण म्हणाली. "तासाभरात."

"पासवर्ड त्यांच्याकडे आहे. उत्तरं त्यांचा माणूस लिहितो."

चोरी झाली हे मालकिणीनं महिनाभर पचवलं होतं. हे तिला पचेना. ती लहान मुलीसारखं सरळ विचारू लागली.

"वीस वर्षांत तुम्ही मला कधी शाबास म्हटलं नाहीत. मागच्या महिन्यात पहिल्यांदा लिहिलंत, 'पोरी, तू माझ्याही पुढे गेलीस.' मी ते सगळ्या कारखान्याला वाचून दाखवलं, सर. ते तरी तुम्ही लिहिलं होतं ना?"

"असं लिहिलं होतं का त्यानं?" सर म्हणाले. "मला माहीत नव्हतं."