थोडा-थोडा चारा

कंदिलाची वात बारीक करा आणि जवळ सरका. हसताय काय? कोंडाजीला तुमच्यातल्या कुणी पाहिलेलं नाही, पण आमच्या मळ्याला लागूनच त्याचा मळा होता, आणि हे त्यानं स्वतः माझ्या वडिलांना सांगितलेलं आहे. खोटं रचण्याइतकी अक्कल त्या भोळ्या माणसाला नव्हती.

सन एकोणीसशे छत्तीस. माघ वद्य अष्टमी, म्हणजे चंद्र मध्यरात्रीनंतर. नाशिकहून ओझरकडे जाणाऱ्या सडकेच्या आत कोंडाजीचं घर, पुढं वांगी, मागं शेवंती. घरात त्याची बायको रंगूबाई, नऊ दिवसांची बाळंतीण. पहिलटकरीण. तिला दूध उतरेना, शेळीचं दूध पोराला पचेना. पोर आताशा रडतही नव्हतं. सुईण साळूबाईनं कोंडाजीला अंगणात बाजूला घेतलं.

"मासळीचं कालवण पाज तिला. दोन दिसांत पान्हा फुटंल. नाय तर पोर हाती लागत नाय, सांगून ठिवते."

आली का पंचाईत! सगळी आळी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात मासा, असं कुणी पाहिलं असतं तर आळीनं तोंड दाखवायला जागा ठेवली नसती. म्हणून कोंडाजी रात्रीचा सडकेपलीकडच्या तळ्यावर निघाला.

बुधवारच्या बाजारात मालेगावची लुगडी विकायला हबीबभाई यायचा. त्याला गळ टाकायचा भारी नाद. त्यानंच कोंडाजीला गळ दिला, काठी दिली आणि वर अक्कलही दिली.

"देख कोंडाजी, माशांचा थवा आला की त्याला खिळवून ठेवायचं. चारा थोडा-थोडा टाक. मूठभर टाकलास तर पोट भरून निघून जातील. भुकेलं ठेव, अन् जरा जरा आपल्याकडं ओढ. मग एकबी जात नाय."

दहाच्या सुमारास कोंडाजी काठावर बसला. थंडी मी म्हणत होती. त्यानं पेंडीची एक चिमूट पाण्यात टाकली. थोड्या वेळानं दुसरी. पाण्यात चुळबुळ सुरू झाली आणि गळाला बोटभर मासा लागला. मग दुसरा, तिसरा. कोंडाजी सुखावला. पोर वाचलं, असं त्याच्या मनानं घेतलं.

मग थवा जरा आत सरकला. कोंडाजी घोट्याएवढ्या पाण्यात उतरला. मासा लागला, आधीच्यापेक्षा मोठा. पुढचा हातभर आत लागला. कोंडाजी गुडघ्यापर्यंत गेला. त्याच्यानंतरचा आणखी मोठा. रंगूला उद्याही पुरेल, परवाही पुरेल... एवढाच एक हिशेब डोक्यात. पाणी कमरेला कधी लागलं, त्याला कळलंच नाही.

चंद्र उगवला.

त्या उजेडात त्याला एक गोष्ट जाणवली. खांद्याला अडकवलेली पेंडीची पुरचुंडी तशीच भरलेली होती. बऱ्याच वेळात त्यानं चारा टाकलाच नव्हता. तरी मासे लागत होते. ठरावीक वेळानं. एक... मग थांबून एक.

त्यानं हातातल्या माशाकडं पाहिलं. मासा तडफडत नव्हता. त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं. ताठ. डोळे पांढरे. वास सुटलेला.

दोन दिवसांपूर्वी मेलेला मासा गळाला कसा लागतो?

लागत नाही. कुणीतरी लावतं.

पाणी शांत होतं. चुळबुळ नव्हती. थवा केव्हाच गेला होता... कदाचित पहिल्या चारपाच माशांनंतरच.

मोठा मासा. मग आणखी मोठा. प्रत्येक वेळी हातभर आत. भुकेलं ठेवून.

"अगं आई..."

तेवढ्यात गळाला ओढ बसली. हळूच. आणखी एक.

कोंडाजीनं काठी सोडली. काठी पडली नाही. पाण्यात तशीच उभी राहिली.

तो पळाला. मासे, वहाणा, सगळं तिथंच. घरी येऊन आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला. हात रिकामे होते आणि आत पोर निपचित पडलं होतं.

"आवं, मिळालं का काही?" रंगूबाईनं अंधारातून विचारलं.

"नाय मिळालं. नीज तू."

जागं राहायचं त्यानं ठरवलं होतं. पण पहाटे डोळा लागला. जाग आली तेव्हा तो भिंतीशी कलंडला होता. कडी निघालेली. दार उघडं. अंथरूण रिकामं.

रंगूबाई अंगणात होती. पोराला छातीशी धरून, सडकेपलीकडं तळ्याकडं तोंड करून चालली होती. वाकत होती... पुढं होत होती... पुन्हा वाकत होती.

कोंडाजीनं धावत जाऊन तिला मागून आवळलं. तिची नजर जमिनीवरून हलेना.

सारवलेल्या अंगणात उंबऱ्यापासून निघालेली ओळ होती. पावलापावलावर एक थेंब. पांढरा. ओळ सडक ओलांडून पुढं गेली होती.

कोंडाजीनं एका थेंबाला बोट लावलं.

दूध होतं. आणि माघाच्या त्या थंडीत ते अजून कोमट होतं.