एक्केचाळिसावे खाते

रविवार, दिनांक १२ जानेवारी २०२५. सायंकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. कोपरखैरण्यातील त्या दोन खोल्यांच्या घरात, जेवणाच्या टेबलावर तीन कंपन्यांचे तीन प्रस्ताव मांडले होते. आणि तिसऱ्यातील एक ओळ मुलाने वाचून दाखवताच शालनबाईंनी हातातला कप न पिताच बशीवर ठेवला...

"'पेजवरच्या सगळ्या कमेंट्सना उत्तरं आमची टीम देईल,'" शिवतेज वाचत होता. "बघ आई, तुझी सुटका. रोज संध्याकाळी डोळे फोडत बसायला नको."

शालनबाईंनी तो कागद आपल्याकडे ओढला. सुटका! कशातून सुटका, हे त्या पोराला कसे सांगावे?

'राजाबाई कांदा-लसूण मसाला' हे नाव त्यांच्या सासूबाईंचे. त्यांची साताऱ्याकडची कृती शालनबाईंनी पुढे चालवली होती. वाशीच्या मसाला मार्केटातून मिरची पारखून आणायची आणि तुर्भ्याच्या गाळ्यात कांडप यंत्रावर कुटून घ्यायची, असा त्यांचा नेम होता. आता शिवतेजनेही नोकरी सोडून त्यात उडी घेतली होती. नाव घरोघरी पोहोचवायचे तर मोबाइलवरचे पेज कुणा जाणत्याकडे सोपवायला हवे, हे त्याचे म्हणणे रास्तच होते.

"मशीन घेताना जाहिरात बघत न्हाईत, लोड टाकून बघतात," शालनबाईंचे पती हौसेराव म्हणाले. आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेऊन त्यांनी उभी हयात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात काढली होती. या तीन कंपन्या ज्या इतर दुकानांची पेजेस सांभाळत, त्यांवर त्यांनी अनोळखी गिऱ्हाईक होऊन एकेक प्रश्न टाकला होता आणि घड्याळ लावून बसले होते. "पयल्यानं दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. दुसऱ्याला पाऊण तास लागला. तिसऱ्याला चार मिनिटं. तिसरीच घ्यायची."

"फोटो, जाहिराती त्यांना करू द्या," शालनबाई हलकेच म्हणाल्या. "उत्तरं मी देत जाईन की..."

"ते म्हणतात, एका पेजला दोन तोंडं नकोत." शिवतेज हसला. "आणि तुझी उत्तरं म्हणजे कमाल असते आई. परवा कुणीतरी विचारलं, सातव्या महिन्यात तिखट चालतं का, तर तू तिला डाव्या कुशीवर निजायला सांगितलंस. मसाल्याचं पेज आहे गं, प्रसूतिगृह नाही."

हौसेरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. "शिवाची आई," ते म्हणाले, "जलद हाय ते बरं हाय. पोराचं ऐक."

शिवाची आई...

सहा वर्षांपूर्वी ते त्यांना अशी हाक मारत नसत. थोरली राजनंदिनी, म्हणून संसाराची वीस-बावीस वर्षे शालनबाई 'नंदीची आई' होत्या. सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी नंदी घर सोडून गेली. उरणच्या कंटेनर यार्डात काम करणाऱ्या धनेशशी तिने लग्न केले, आणि त्या दिवसापासून त्या घरातून तिचे नाव पुसले गेले. हौसेरावांनी दोन दिवस अन्न घेतले नव्हते. तिसऱ्या दिवशी म्हणाले होते, "शिवाची शपथ घे. तिला फोन करायचा न्हाय, तिच्या दारी जायचं न्हाय." आणि मुलाच्या जिवाची ती शपथ, मुलाला कळूही न देता, आईने गिळली होती.

उरण काही फार दूर नव्हते. तासाभराची वाट! पण शपथेच्या पलीकडचे गाव जवळ असून काय उपयोग?

मागच्या श्रावणात पेजवर 'उरणसखी' नावाच्या कुणा बाईने विचारले होते, "काकू, खोबरं साळुंकीच्या रंगाचं झालं की उतरवायचं ना? कावळ्याच्या रंगाचं होऊ द्यायचं नाही?"

शालनबाईंच्या डोळ्यांसमोरची अक्षरे विरघळली होती. भाजलेल्या खोबऱ्याला साळुंकीचा आणि कावळ्याचा रंग लावणारी या पृथ्वीतलावर एकच बाई होऊन गेली. ती त्यांची सासू. आणि तिच्या मांडीवर बसून ते ऐकणारी नात एकच!

"बरोबर आहे ताई," त्यांनी लिहिले होते. "उतरवल्यावरही कढई गरम असते, म्हणून जरा आधीच उतरवावं."

गिऱ्हाइकाला उत्तर देऊ नये, असे त्या शपथेत कुठे होते? त्या आधारावर दोन जिवांचा तो अनोखा पत्रव्यवहार सुरू झाला. कुणी कुणाला 'आई' म्हटले नाही, कुणी 'बाळ' म्हटले नाही. भरल्या वांग्यांना मसाला किती, मटणाच्या रश्शाला किती... आणि मग एके दिवशी : "काकू, तिसरा महिना आहे. मसाल्याचा वाससुद्धा सोसत नाही. काय करू?" त्या दिवशी शालनबाईंनी देवापुढे साखर ठेवली. शिवतेजने कारण विचारले, तेव्हा म्हणाल्या, "मिरची चांगली निघाली यंदा."

आणि आता ती खिडकीच बंद करायची होती.

"आई," शिवतेजने त्यांच्या हातावर हात ठेवला, "मी नोकरी सोडली ती तुझ्या मसाल्यावर भरवसा ठेवून. तू मनापासून हो म्हणालीस तरच करू."

एका पोराच्या भविष्यासाठी दुसऱ्या पोरीचा आधार तोडायचा... आईच्या तराजूत दोन्ही पारडी सारखीच जड! पण शिवतेज समोर बसला होता, आणि नंदीचे नाव घेण्याचीही मुभा नव्हती. त्यांनी दुकानाचा मोबाइल पुढे सरकवला.

"निरोपाचं काहीतरी लिहू का गिऱ्हाइकांना?" करार झाल्यावर त्यांनी विचारले.

"नको गं, पासवर्ड बदलला पण त्यांनी."

त्या दिवसापासून पेज त्यांना दिसत असे, पण त्यावर लिहिता येत नसे. ते देखणे झाले. लालभडक मिरच्यांचे फोटो आले, ऑर्डरी वाढल्या, शिवतेज शिट्टी वाजवत पाकिटे भरू लागला. शालनबाईही हसून पाकिटांना चिकटपट्ट्या लावीत. मात्र सायंकाळ झाली की त्यांची नजर आपसूक मोबाइलच्या काचेकडे वळे.

फेब्रुवारी लागला तसा एक प्रश्न आला. "काकू, आठवा लागला. पाय फार सुजतात. इकडे सासूबाई नाहीत, विचारायला कुणी नाही."

दुसऱ्याच मिनिटाला खाली उत्तर उमटले : "नमस्कार! आपल्या प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार. ऑर्डरसाठी दिलेल्या क्रमांकावर संपर्क साधा."

"काकू, तुम्हीच आहात ना?"

"नमस्कार! आपल्या प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार..."

"काकू, माझं काही चुकलं का?"

तेच उत्तर. तिसऱ्यांदा तेच!

पाय उशीवर ठेव गं... मीठ कमी कर, दवाखान्यात जाऊन ये... शालनबाईंची बोटे काचेवर फिरत राहिली आणि काच निर्जीवपणे तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी पाहतात तर 'उरणसखी' कुठेच नव्हती. श्रावणापासूनचे तिचे सारे प्रश्न आणि त्यांखालची त्यांची सारी उत्तरे कुणीतरी ओटा धुवावा तशी धुऊन टाकली होती.

पहिले बाळंतपण माहेरी असते. लेक माहेरी यायची ते दिवस, आणि माहेरानेच दार लावून घेतले, असे तिला वाटले असेल... त्यांनी दोनदा फोन उचलला. दोनदा आतून शिवतेजच्या शिट्टीचा आवाज आला, आणि दोनदा त्यांनी तो खाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी आळीव आणि डिंक आणून डब्यात भरला, आणि तो डबा पिठाच्या डब्यामागे सरकवला.

महिना भरल्यावर कंपनीने तिघांना वाशीच्या कचेरीत बोलावले. गीतांजली नावाची चुणचुणीत मुलगी पडद्यावर आलेख दाखवू लागली. ऑर्डरी दुप्पट झाल्या होत्या. शिवतेजचा चेहरा उजळला.

"शिवाय आम्ही पेज क्लीन केलंय," ती म्हणाली. "एक्केचाळीस अकाउंट्स ब्लॉक केली."

"कोणत्या नियमानं?" हौसेरावांनी विचारले.

"जाहिराती टाकणारे, शिव्या देणारे... आणि टाइमपासवाले, सर. ही शेवटची बघा. सहा महिने नुसते प्रश्न. ऑर्डर एकदाही नाही."

पडद्यावर तळाशी ते नाव होते. शालनबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि मान खाली घातली. पतीने तो चेहरा पाहू नये म्हणून.

"तिला ऑर्डर द्यायची गरज न्हाय," हौसेराव म्हणाले.

"म्हणजे, सर?"

"मसाला तिच्या आज्जीच्या नावाचा हाय." त्यांनी पडद्यावरच्या नावाकडे बोट केले. "ती... माझी लेक हाय."

शालनबाईंना आपल्या कानांवर विश्वास बसेना.

"तुम्हांला ठाऊक होतं?"

"साळुंकीच्या रंगाचं खोबरं मी का ऐकलं न्हाय? आई माझी व्हती." हौसेराव टेबलाकडे बघत बोलत होते. "रोज सकाळी गाळ्यातलं मशीन सुरू करायच्या आधी वाचायचो. तू काय लिवलंस, ती काय म्हनली... वाचून ठेवून द्यायचो."

"मग ती तिसरी कंपनी कशापायी निवडलीत?" सहा वर्षांत पहिल्यांदाच त्या बाईच्या आवाजाला धार आली होती. "माझ्या हातातनं तेवढंही काढून घ्यायला?"

"न्हाय गं..." त्या करड्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी ओघळले. "पोटुशी पोर सकाळी विचारायची आन् तुझं उत्तर सांजंला जायचं. दिवसभर वाट बघत असंल, असं वाटायचं. म्हनलं, हितं चार मिनिटांत उत्तर मिळंल तिला. वेळ मोजली मी. उत्तर वाचलंच न्हाय."

शालनबाई पाहत राहिल्या. लेकीवरचे प्रेमसुद्धा घड्याळ लावून मोजणारा हा माणूस... आणि ते बोलून दाखवायला त्याला सहा वर्षे लागली!

"बाबा, एवढं वाटत होतं तर फोन का नाही केला?" शिवतेजने विचारले. "आई, तू तरी?"

"तुझी शपथ होती रे..."

"माझी? मला कुणी विचारलं होतं?" तो उठून उभा राहिला. "सहा वर्षं माझ्या नावानं ताईला दार बंद, आणि मी शिट्ट्या मारत पाकिटं भरतोय."

हौसेरावांनी मुलाकडे पाहिले, मग पत्नीकडे. "मी घातली व्हती, मीच सोडवतो. सुटली शपथ." आणि त्यांनी खुर्ची शालनबाईंच्या जवळ ओढली. "नंदीची आई, लिही तिला."

त्या हाकेने इतका वेळ आवरून धरलेला बांध फुटला. गीतांजलीने निमूटपणे ते नाव यादीतून मोकळे केले, त्या नावाने निरोपाची चौकट उघडली आणि कळफलक त्यांच्यापुढे ठेवला. अक्षरे दिसत नव्हती, तरी त्यांनी एकेक शोधून लिहिले : "पाय उशीवर ठेव. उद्या आम्ही तिघं तुला न्यायला येतो. आळीव आणून ठेवलाय."

उत्तराला चार मिनिटांहून कितीतरी अधिक वेळ लागला. हौसेराव घड्याळाकडे एकदाही न पाहता पडद्याकडे डोळे लावून बसले होते.

मग तीन शब्द उमटले. "आई, बाबा पण?"

शालनबाईंनी कळफलक पतीकडे सरकवला. त्यांनी एका बोटाने, स्क्रू आवळावा तसे एकेक अक्षर दाबून, एकच शब्द लिहिला : "हो."

"सर, कॉन्ट्रॅक्टचं काय करायचं?" गीतांजलीने दबक्या आवाजात विचारले. डोळे तिचेही ओले होते.

"फोटो तुम्हीच काढा, चांगले काढता," हौसेराव नाक पुसत म्हणाले. "उत्तरं घरचं मानूस देईल. उशिरा दिली तरी चालंल."

मार्चचा अहवाल आला तेव्हा राजनंदिनी माहेरच्या खाटेवर, पायांखाली उशी घेऊन, आळिवाची खीर खात होती. शिवतेजने तो मोठ्याने वाचून दाखवला. शेवटची ओळ अशी होती :

ब्लॉक केलेली खाती : ४०.