घंटीला ओ

राजकुमारला घाई आवडत नसे. खामगावच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक म्हणून सत्तावीस वर्षं काढलेला हा माणूस सायकलवर बसला की बैलगाडीलाही खुशाल पुढे जाऊ देई. दर हिवाळ्यात चार दिवसांची रजा टाकायची, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवायच्या आणि पूर्णेच्या खोऱ्यात रस्ता नेईल तिकडे भटकायचं, हा त्याचा शौक. बायको जयमाला याला ‘बिनकामाची पायपीट’ म्हणे. मुलगी प्रेरणा मात्र आठवीत असल्यापासून सोबत येत होती. आता ती बावीस वर्षांची होती. येत्या सोमवारी पुण्यात नोकरीवर हजर व्हायचं होतं आणि सायकलही ती सोबत नेणार होती. दोघांची ही शेवटचीच फेरी, हे राजकुमारला आतून टोचत होतं, पण बोलून दाखवायची त्याची प्राज्ञा नव्हती.

दोघांची एक रीत होती. राजकुमार पुढे, प्रेरणा मागे. पुढच्याने वळून पाहायचं नाही, कारण एकदा तसं पाहताना राजकुमार सायकलसकट नालीत गेला होता आणि जयमालाने तो किस्सा साऱ्या गणगोतात वाटला होता. म्हणून पुढच्याने घंटी एकदा वाजवायची, म्हणजे ‘आहेस ना?’ मागच्याने दोनदा, म्हणजे ‘आहे, आहे.’ आठ वर्षांत ही रीत कधी चुकली नव्हती.

मुक्काम वडनेर भोलजीला होता, आत्याकडे. अन्नपूर्णाबाई ऐंशीला टेकलेली, कानाने थोडी मंद, जिभेने नाही. सकाळी सहाला चहा देताना तिने विचारलं, “कोन्त्या रस्त्यानं जाऊन राह्यला बे राजू?”

“सावरखुटीवरून. पूल ओलांडून वरवट बकाल. दुपारपर्यंत पोचतो आरामात.”

म्हातारीचा हात थांबला. सावरखुटी तिचं माहेर. धरणाचं पाणी येणार म्हणून सहा वर्षांपूर्वी सारं गाव उठून नदीपलीकडच्या उंचवट्यावर वसलं होतं. जुन्या गावात आता नुसत्या भिंती होत्या.

“गाव उठलं त्या दिवशी मी होती तथी,” ती म्हणाली. “एकेका घरचा मोठा मानूस वेशीत उभा राह्यला. आपापल्या मेलेल्या मानसाईची नावं घेऊन हाका मारल्या. चला, गाव उठलं म्हने. ट्रॅक्टरवर त्याईच्यासाठी जागा सोडली. नव्या गावात मारुतीच्या पारापाशी आनून सांगतलं, घर आलं, उतरा.”

“आणि ज्यांच्या घरचं कोणी आलंच नाही?” प्रेरणाने विचारलं. “मुंबईला, सुरतेला गेलेले असतील ना कितीतरी.”

“त्याईचे राह्यले तथीच.” आत्याने कपबशा गोळा केल्या. “वाट पाहून राह्यले. आता त्याईले नाव बी लागत नाही. कोनी बी कोनाले हाक मारली तरी पुरते, त्याच्या मांगं येतात. वेशीपासून नदीपर्यंत तोंड बंद ठेवजा. एवढं ऐका माह्यं.”

ती आत गेली. राजकुमार पिशव्यांचे पट्टे आवळत प्रेरणाला म्हणाला, “आपण कुठं हाका मारतो? आपली तर घंटी असते.” दोघंही हसली. हे बोलणं आत्याच्या कानावर गेलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण ती तोवर चुलीपाशी पोचली होती.

वडनेर सुटलं आणि धुई लागली, दाट धुकं. पूर्णेच्या काठाला डिसेंबरात धुई पडतेच, आणि तूर फुलावर असली की फुलं गळून जातात. धुऱ्याधुऱ्यावर, शेतांच्या बांधांवर, लोकांनी पालापाचोळा पेटवून धूर केला होता. धूर आणि धुई एकमेकांत मिसळून रस्त्यावर उतरली होती आणि कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्यांचा कडवट वास नाकात बसला होता. हळूहळू धूरही मागे पडला. राजकुमारला आपल्या पुढच्या चाकापलीकडे वीस-पंचवीस पावलांचा रस्ता तेवढा दिसत होता. डांबर संपून काळ्या मातीचा, दवाने मऊ झालेला रस्ता लागला.

वेस कधी आली ते कळलंच नाही. एकदम डाव्या हाताला दगडी कमानीचा अर्धा खांब उभा राहिला आणि मागे गेला. मग भिंती. छपरं, दारं, चौकटी लोक घेऊन गेले होते, तरी एका ओट्यावर जातं तसंच राहिलं होतं. पाखरू बोलत नव्हतं. आत्याचं बोलणं राजकुमारला आठवत होतं, नाही असं नाही. पण अशा धुईत पोर मागे आहे की नाही हे बापाला कळायला नको का? त्याचा अंगठा आपसूक घंटीवर गेला.

ट्रिंग.

थोडा वेळ काहीच नाही. मग मागून दोनदा उत्तर आलं. राजकुमारला बरं वाटलं.

गाव संपलं. रस्ता नदीकडे उतरू लागला. त्याने पुन्हा घंटी वाजवली, पुन्हा दोनदा ओ आली, या वेळी जरा जवळून. जवळजवळ पंधरा मिनिटं असंच चाललं. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याच्या मनात आलं की पोर फार जवळ चालवून राहिली आहे, चाकाला चाक लागेल. आणि तेव्हाच खिशातला फोन वाजला.

“बाबा, कुठं आहात तुम्ही?” प्रेरणाचा आवाज चिडलेला होता. “माझी चेन पडली ना वेशीतच. किती घंटी वाजवली, तुम्ही थांबलेच नाही.”

“तू… वेशीत आहे?”

“मग कुठं असणार? बसता बसत नाही चेन, गार्डमध्ये अडकली आहे. या ना मागं.”

राजकुमारने एक पाय जमिनीला टेकवला. घंटीला त्याने हात लावला नव्हता. तरी मागून, अगदी कॅरिअरपाशी, हळूच दोनदा वाजलं.

त्याला पळावंसं वाटलं, नदीकडे, पुलाकडे, माणसांकडे. पण पोर मागे होती, त्या भिंतींत एकटी. सायकल वळवायची म्हणजे तिकडे तोंड करायचं. त्याने डोळे खाली ठेवले आणि सायकल फिरवली.

मागे कोणी नव्हतं. ओल्या मातीत त्याच्या टायरची रेघ होती. त्या रेघेवर, बरोबर तिच्यावर, अनवाणी पावलं उमटली होती. त्याच्या दिशेने आलेली. शेवटचं पाऊल कॅरिअर जिथं होतं तिथं संपलं होतं आणि पुढे नव्हतं.

त्याने पायडल मारलं. सायकल हलेना. दोन्ही पायांचा जोर लावला तेव्हा कुठं ती निघाली, कोणी मागे बसलं की निघते तशी.

त्याने आत्याला फोन लावला. तीनदा सांगावं लागलं तेव्हा तिला ऐकू आलं.

“हाक मारली ना तू?”

“घंटी वाजवली, आत्या.”

“एकच झालं ते.” तिचा आवाज खाली गेला. “आता बलावलंच आहे तर घरी ने त्याले. मांगं पाहू नको. काही बोलू नको. पारापाशी थांबजो आन सांगजो, घर आलं, उतरा. माघारी येऊ नको बाप्पा… माह्या दारात आनू नको त्याले.”

वेशीतल्या खांबाला टेकून प्रेरणा उभी होती, हात काळे, कपाळावर केस चिकटलेले. तिला पाहून राजकुमारच्या डोळ्यांत पाणीच आलं. तो खाली बसून मुकाट्याने चेन सोडवू लागला. प्रेरणाने कंटाळून घंटीकडे हात नेला, तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं.

“नको,” तो म्हणाला. “आता तू पुढे चाल. मी मागे येतो. बोलायचं नाही.”

“काऊन?”

“चाल तू.”

ती पुढे निघाली. राजकुमार तिच्या पाठीवरची लाल ओढणी डोळ्यांआड होऊ देत नव्हता. उतार असूनही ती जोर लावून चालवत होती. चेन नीट बसली नसेल, असं त्याला वाटलं. त्याचं सारं ध्यान आपल्या पाठीमागे होतं. मानेवर कोणाचा तरी गार श्वास लागत होता आणि त्याला ओल्या मातीचा, बंद खोलीचा वास होता.

पूल आला. खाली नदीचं पाणी दिसत नव्हतं. पूल ओलांडताच धुई विरळ झाली आणि उंचवट्यावर नवी सावरखुटी दिसू लागली. सिमेंटची एकसारखी घरं, पाण्याची टाकी, मारुतीचं नवं मंदिर. पारावर एक बाई गवऱ्या वाळत घालत होती. राजकुमारने सायकल थांबवली.

“घर आलं,” तो म्हणाला. आवाज फाटला होता. “उतरा.”

कॅरिअर करकरलं आणि सायकल हलकी झाली. इतकी हलकी की तो एका बाजूला कलंडता कलंडता वाचला. गवऱ्या घालणाऱ्या बाईने मान वर केली, त्याच्या कॅरिअरकडे पाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि एका बाजूला सरून कोणाला तरी वाट दिली.

“कोणाशी बोलले, बाबा?” पुढे थांबलेल्या प्रेरणाने विचारलं.

“मारुतीशी.”

वरवट बकालला पोचेपर्यंत ऊन कडक पडलं होतं. स्टँडजवळच्या हॉटेलात गरम कचोरी आली आणि राजकुमारला वाटलं, वाचलो. पोर समोर बसून खात होती. याहून जास्त त्याला काही नको होतं. सोमवारी ती पुण्याला जाईल, आपण रडू, जयमाला हसेल, एवढंच.

“आज पाय भरून आले माझे,” प्रेरणा म्हणाली. “सायकल काऊन एवढी जड जाऊन राहिली, काय माहीत. चेन तर तुम्ही ठीक केली.”

राजकुमारच्या हातातला घास हातातच राहिला.

“वेशीत तू घंटी वाजवली होती ना,” त्याने हळूच विचारलं. “किती वेळा?”

“मोजली थोडीच. वीस-पंचवीस वेळा असेल. तुम्ही ओ दिली नाही, मग वाजवतच राहिले.”

बाहेर कडुनिंबाच्या सावलीत तिची सायकल स्टँडवर उभी होती. पिशव्या तर त्यांनी काढून बाकावर ठेवल्या होत्या. सायकलवर कोणी नव्हतं. सकाळी राजकुमारने स्वतः पंप मारून कडक केलेला मागचा टायर रिमपर्यंत दबला होता आणि कॅरिअरची सळई मधोमध वाकली होती. जाणाऱ्यायेणाऱ्यांपैकी कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

तो उठून सायकलजवळ गेला. यांना ‘उतरा’ म्हणायचं राहून गेलेला पार मागे दहा-अकरा किलोमीटरवर राहिला होता. तरी त्याने वाकून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं, म्हटलं, “घर आलं… उतरा.”

काही झालं नाही. हे त्यांचं घर नव्हतंच.

प्रेरणा हात पुसत बाहेर आली. “चला ना, बाबा,” ती म्हणाली, आणि तो अडवायच्या आत तिने सवयीने एकदा घंटी वाजवली.

राजकुमारच्या डोळ्यांदेखत टायर आणखी थोडा दबला.