पाच फोन

विनिता तावडे अकरा वर्षं एका मोठ्या कंपनीत माणसं निवडायचं काम करत होती. ती नोकरी सोडल्यावर तिनं कोपर स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या आपल्या फ्लॅटमध्ये, पुढच्या खोलीत, माणसांना निवडून कसं यायचं ते शिकवायला सुरुवात केली. हल्ली त्याला पर्सनल ब्रँड म्हणतात. ती सोपं करून सांगायची, "चार लोकांत तुमचं नाव निघालं, की पहिलं काय आठवतं? तेवढंच आपल्याला पक्कं करायचंय." तिच्याकडे आलेल्या माणसांपैकी बहुतेक जण तीन महिन्यांत कुठे ना कुठे लागलेले. त्यामुळे तिच्या बोलण्यात एक ठामपणा असायचा आणि तो तिला शोभायचाही.

उत्तम सावळे आला तो एका मंगळवारी, सकाळी बरोबर अकराला. वय बेचाळीस, राहायला आंबिवलीला. इस्त्रीचा आकाशी शर्ट, खिशाला दोन पेनं. वागळे इस्टेटमधल्या चार कंपन्यांत त्यानं पंधरा वर्षं स्टोअर्स सांभाळलेलं. सात महिने घरी होता.

"इंटरव्ह्यू होतात, मॅडम. हो पण म्हणतात. मग मागच्या कंपनीत चौकशी करतात आणि नंतर फोनच उचलत नाहीत."

"मागच्यांशी भांडून निघालेलात का?"

"छे हो! सगळ्यांची रिलीव्हिंग लेटर आहेत." त्यानं फाइल पुढे केली. चारही पत्रं, तारखा, शिक्के, सगळं जिथल्या तिथे.

विनिताची एक पद्धत होती. कुणाबद्दल एक ओळ लिहायच्या आधी ती त्याच्याबरोबर काम केलेल्या पाच जणांना स्वतः फोन करायची. माणूस स्वतःबद्दल फुगवून सांगतो, पण पाच जण मिळून तसं सांगत नाहीत, हा तिचा अनुभव.

पहिला फोन लावला तो मंजुळा घाग यांना. उत्तमच्या शेवटच्या कंपनीत त्या ऑफिस सांभाळायच्या.

"उत्तम सावळे? हो, ओळखते ना. हा काय, समोरच बसलाय. देऊ का?"

विनितानं मान वर केली. उत्तम समोर बसून बशीत चहा ओतत होता.

"नको, नंतर करते," ती म्हणाली. बाईंची थट्टा करायची पद्धत असेल. किंवा नावाचा घोळ.

दुसरा फोन दुसऱ्या कंपनीत. डिनो परेरा, शॉप सुपरवायझर. "उत्तम ना? जेवायला बसलाय. हात खरकटे आहेत त्याचे, दहा मिनिटांनी करा."

तिसऱ्यानं सांगितलं, उत्तम माल उतरवून घेतोय. चौथा म्हणाला, आत्ताच इथून गेला बघा, रॅककडे असेल.

पाचव्या फोनच्या वेळी विनिता सरळ म्हणाली, "द्या त्यांना."

पलीकडे खुर्ची सरकली. कुणीतरी घसा साफ केला. मग आवाज आला, "बोला. स्टोअर्स."

तोच आवाज. तोच थोडा नाकातला सूर. समोरच्या उत्तमच्या तोंडात बिस्किट होतं.

तिनं फोन ठेवला आणि त्याला शुक्रवारी यायला सांगितलं. आवाजात काही जाणवू दिलं नाही.

गुरुवारी ती ठाण्याला गेली. डिनोची कंपनी पॅकिंगची यंत्रं बनवायची. वागळे इस्टेटच्या आतल्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये. कटिंग ऑइलचा वास, कुठेतरी प्रेसचा एकसारखा दणका. साठीकडे झुकलेला डिनो तिला हसतमुखानं मागे स्टोअर्सपर्यंत घेऊन गेला.

"उत्तम, ह्या बाई आल्यात रे तुला भेटायला."

रॅकवर प्रत्येक खणाला चिठ्ठी, नीटस अक्षरातली. टेबल. टेबलावर उघडं रजिस्टर. आणि रिकामी खुर्ची.

"बसा ना," डिनो म्हणाला. "तो म्हणतोय, चहा घेणार का?"

विनिता रजिस्टरवर वाकली. आजची तारीख. साडेअकराची नोंद, बेअरिंग सहा नग. अक्षर तेच, जे तिनं मंगळवारी फॉर्मवर बघितलेलं. तिनं बोट टेकवलं. बोटाला निळी शाई लागली.

"परेरा अंकल, यांनी नोकरी सोडली होती ना?"

"सोडलेली ना! सहा वर्षं झाली. सेंड-ऑफचा केक मीच आणलेला." डिनोनं खुर्चीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पण दुसऱ्या दिवशी आला तो, नेहमीसारखा. मग कोण विचारणार? काम तर अडत नाही. काय?"

दुसरी कुणी असती तर तडक घरी जाऊन देवापुढे दिवा लावला असता. विनितानं रिक्षात बसून वही काढली. जे आहे ते आहे. त्याचं कारण शोधणं तिचं काम नव्हतं. तिचं काम उत्तमला उभं करणं. चार ठिकाणी माणसं ज्याला सोडायला तयार नाहीत, त्याच्याइतकं पक्कं नाव कुणाचं?

शुक्रवारी तिनं त्याला सगळं सांगितलं. उत्तमनं दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. घरी बसलेल्या माणसाच्या नखांत काळं तेल कसं, हे विनिताला तेव्हा दिसलं.

"तरीच," तो म्हणाला. "दिवसभर खाटेवर असतो, मॅडम. आणि संध्याकाळी बायको पाय चेपते तेव्हा पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असतात." मग हळूच विचारलं, "तिकडे काम नीट चाललंय ना?"

"एकदम नीट."

"मग ठीक आहे."

तिनं त्याचा चांगला फोटो काढून घेतला, ऑनलाइन पान नव्यानं लिहिलं आणि सगळ्यात वर एकच ओळ टाकली: ‘चार कंपन्या. चारही ठिकाणी विचारून बघा, मला सोडायला कुणी तयार आहे का.’

नवव्या दिवशी कल्याणच्या एका कोल्ड स्टोरेजच्या मालकांचा फोन आला. "अहो तावडे मॅडम, चारही ठिकाणी विचारलं. सगळे म्हणतात, तो आमच्याकडेच आहे, सोडणार नाही. असा माणूस मला पाहिजेच!"

विनिता हसली. त्यांची समजूत तिनं दुरुस्त केली नाही.

शनिवारी उत्तम पेढे घेऊन आला. पहिल्यांदाच मनमोकळं बोलला, तासभर बसला. "तुमच्या या खोलीत बरं वाटतं," म्हणाला. निघताना दोनदा वळून नमस्कार केला. विनितानं गॅलरीतून बघितलं, भाजीवाल्या मावशींना वळसा घालून तो स्टेशनकडे गेला, गर्दीत दिसेनासा झाला.

तिला फार समाधान वाटलं. आणखी एक माणूस मार्गी लागला.

साडेचारला अक्षदा यायची होती. पहिल्याच नोकरीच्या शोधातली, चोवीस वर्षांची मुलगी. विनितानं दार उघडं ठेवलं आणि वहीचं नवं पान काढलं.

अक्षदा वेळेवर आली. चपला काढल्या, एक पाऊल आत टाकलं आणि थांबली.

"सॉरी मॅडम. लवकर आले का मी?"

"नाही गं. ये ना, बस."

अक्षदानं विनिताच्या समोरच्या खुर्चीकडे बघितलं. अनोळखी माणसाकडे बघून हसतात तशी हसली.

"नको नको. सरांचं होऊ दे आधी. मी जिन्यात बसते."

आणि जाताना, त्यांच्या बोलण्यात अडथळा नको म्हणून, तिनं बाहेरून दार अलगद ओढून घेतलं.