ओळ दोनशे चौदा

लासुर्ण्याच्या उसात दुपारी दोनला वारा पडतो. पानाला पान घासत नाही. विहिरीतून ओल्या दगडाचा वास तेवढा वर येत राहतो. त्या वासात, विहिरीकाठच्या खोलीत, वृषाली लॅपटॉप घेऊन बसली होती.

काम साधं होतं. चारला थ्री-फेज लाईट येणार. त्याआधी मोटार मोबाईलवरून चालू करणारा प्रोग्रॅम तयार व्हायला हवा होता. नाही झाला, तर आबा शेतावरच्या गड्याला, भीमाला, रोजच्यासारखं विहिरीत उतरवणार. स्टार्टर खाली कपारीत, पायऱ्या शेवाळलेल्या, आणि त्याच्या पेटीला हात लावला की विजेचा चटका बसायचा.

"दुरुस्त करून घ्या म्हणून किती वर्षं सांगतेय मी, आबा!"

"चालतंय न्हवं? मग झालं," हिंदुराव आबा म्हणायचे. आजोबांचं हे एक वाक्य ऐकून तिचं डोकं फिरायचं.

प्रोग्रॅम इंटरनेटवर फुकट मिळालेला, परदेशातल्या कुणी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला. फक्त तो आपल्या मशीनवर कंपाइल करून, म्हणजे चालण्याजोगा बनवून, घ्यावा लागे. पहिल्यांदा एक लायब्ररी सापडेना. ती टाकली. मग कंपायलर जुना निघाला. तो बदलला. तिसऱ्यांदा मात्र नवीच एरर आली.

ओळ २१४. 'sarja' हे नाव वापरलंय, पण ते घोषित केलेलं नाही.

तिनं फाईल उघडली. ओळी दोनशे तेराच होत्या. सगळा कोड धुंडाळला. ते नाव कुठंच नव्हतं. पुन्हा चालवलं, तर पुन्हा तेच.

"भीमामामा, सारजा कोण हो?"

दारात बिडी ओढत बसलेल्या भीमाचा हात तोंडापाशीच थांबला.

"कुणी सांगितलं तुमाला?"

"कुणीच नाही. म्हणून तर विचारतेय."

"माझी बायकू..." तो विहिरीकडं न बघता म्हणाला. "तुमी हॉस्टेलला व्हता. हितं उसाला पाणी द्यायला दारं धरायची ती. एका सरीचं दार बुजवून दुसरीचं फोडायची, लई चपळ. चटका बसतोय म्हणून आबांना दोनदा बोलली. आबा म्हणले, चालतंय न्हवं?"

"मग?"

"मग एक दिस हिरीत पेटीपाशीच गेली ती. साप चावला, असं लिवलं कागदावर. त्या दिवसापासनं या घरात तिचं नाव कुणी घेत न्हाय. मी पन न्हाय."

वृषालीची कानशिलं तापली. पंगतीला मांडीला मांडी लावून बसणारी ही मोठी माणसं! सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं फाईलच्या माथ्यावर एक ओळ वाढवली आणि नाव घोषित केलं. सारजा.

या वेळी कंपायलर अडला नाही.

चारला लाईट आली. तिनं मोबाईलला बोट लावलं. खाली मोटार घुमली. भीमा उतरला नाही. तो खोरं घेऊन उसात शिरला आणि घटकाभरात माघारी आला. खोरं कोरडंच होतं.

"ताई... दारं आधीच फोडल्यात. एकामागनं एक. तशीच... तिच्या हातानं फोडल्यावानी."

वृषालीनं स्क्रीनकडं पाहिलं. शेवटी एक इशारा उरला होता. इशाऱ्यानं काम अडत नाही, म्हणून तिनं तो वाचलाच नव्हता.

ओळ २१५. 'hindurao' हे नाव घोषित केलंय, पण अजून वापरलेलं नाही.

हे नाव तिनं लिहिलं नव्हतं. आणि तिची ओळ धरूनही फाईल दोनशे चौदालाच संपत होती.

बाहेर चपला वाजल्या. आबा आले होते.

"खेळण्यावर इस्वास न्हाय माझा. पेटी बघून येतो."

त्यांनी काठावर चपला काढल्या. विहिरीत ते नेहमी अनवाणीच उतरत.

"आबा, इथं एक इशारा आलाय..."

"मोटार चालतीया न्हवं?"

वृषालीनं स्क्रीनवरचं नाव पुन्हा वाचलं. भीमा तिच्याकडं बघत होता.

"चालतेय," ती म्हणाली.

आबा पहिल्या पायरीवर उतरले. उसातला पाण्याचा आवाज एकाएकी थांबला. मोटार मात्र चालूच होती. वृषाली दाराशी आली. पाटाचं शेवटचं दार विहिरीच्या बाजूनं फोडलेलं होतं, आणि पाणी वाटेवरून, आबांच्या चपला ओलांडून, पायऱ्यांकडं निघालं होतं.