एकतीस मिनिटांवर अक्रा

आदिस अबाबात त्या सकाळी जो तो कमानयानाबद्दलच बोलत होता. अक्रा शहर त्रेचाळीसशे किलोमीटरवर, विमानानं सहा तासांची वाट. आता एकतीस मिनिटांची. गोफणीतून दगड भिरकवावा तसं हे यान हवेच्या थराबाहेर जाई, तिथं अडवायला हवाच नसल्यानं सुसाट कमान काढी आणि पलीकडे पंख पसरून अलगद उतरे.

त्सेहायला हा शोध मुळीच मानवला नव्हता. तिची लेक मकदेस सहा वर्षांपूर्वी अक्र्याच्या माणसाशी लग्न करून गेली, ती माहेरी आलीच नाही. जाताना त्सेहायनं रागानं तिला कॉफीसुद्धा विचारली नव्हती. पुढे राग निवला. पण फोनवर मकदेस दर वेळी म्हणायची, सहा तास फार होतात, पोरीला विमान लागतं. आणि त्सेहायही घाईघाईनं म्हणायची, हो ग, लांबच पडतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता अर्ध्या तासाच्या वाटेवरूनही लेक आली नाही, तर कारण एकच उरत होतं, आणि ते ऐकायची त्सेहायची छाती नव्हती.

तरी रोजच्यासारख्या शेजारणी जमल्या. त्सेहायनं जमिनीवर हिरवं गवत पसरलं, बिया भाजून कुटल्या आणि मातीच्या चंबूत कॉफी उकळली. तिथल्या रीतीनं कॉफीच्या तीन फेऱ्या होतात. तिसरी आशीर्वादाची, ती घेतल्याशिवाय कुणी उठत नाही. दुसरी फेरी ओततानाच फोन वाजला. पडद्यावर मकदेस होती, मागे प्रवाशांची रांग.

"आई, मी अक्र्याच्या यानतळावर आहे. तिकिटं काढलीत. पण तू बोलावल्याशिवाय चढायचा धीर होत नाही."

सहा वर्षं त्सेहाय लेकीच्या येण्याची वाट बघत होती, आणि लेक तिच्या बोलावण्याची. शेजारच्या वोर्कनेश म्हातारीनं तिला कोपरानं ढोसलं.

"ये," त्सेहाय म्हणाली. "मी केव्हाच म्हणायला हवं होतं. ये ग, पोरी."

मग वोर्कनेशनं फर्मान काढलं, की विस्तव मंद करा, तिसरी फेरी पाहुणे आल्यावर. एकीची डाळ चुलीवर होती, दुसरीचं दुकान बंद होतं, पण कुणी हललं नाही. यान म्हणे वेळेवर उतरलं. तळापासून घरापर्यंतची टॅक्सी मात्र पाऊण तास रखडली. त्सेहाय दारात उभी राहून साऱ्या शहराच्या वाहतुकीला हसत हसत शिव्या घालत होती. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

टॅक्सी थांबली आणि मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. शेजारणी नाकं पुसू लागल्या. पाच वर्षांची नात अकोसुआ मात्र आईचा पदर न धरता सरळ आत गेली, गवतावर बसली आणि दोघींकडे आळीपाळीनं बघत म्हणाली,

"आजी, तुझं घर इतकं जवळ होतं, तर आम्ही आधी का नाही आलो?"