न फुटलेली साखर

चंद्रतळावर खरा दरारा तळप्रमुखांचा नव्हता, डॉ. वृंदा काळसेकरांच्या पळीचा होता. आहारतज्ज्ञ म्हणून आलेल्या या बाई ताटाशी उभ्या राहून आग्रह करकरून वाढत, आणि ताटात टाकलेलं त्यांना मुळीच खपत नसे. तळावरचं सगळं अन्न त्यांनीच निवडलेल्या एका जोडशर्करेत सुकवलेलं होतं. तीत अन्न वर्षानुवर्षं टिकतं, याचा त्यांना कोण अभिमान!

पहिल्याच जेवणाला खोदयंत्रांचा तंत्रज्ञ जयवंत धुरी, मालवणकडचा, भीतभीत म्हणाला होता, "ताई, माका अळमी सोसत नाय."

"चंद्रावर कुठून आणू रे तुझी अळंबी?" सगळे हसले. ताईंनी त्याला आणखी एक पळी शिरा वाढला.

महिन्याभरात जयवंतचं पोट असं बिघडलं की त्याने अंथरूण धरलं. तळाचे वैद्य डॉ. फिरोज मुजावर यांच्याकडचं सलाइन संपत आलं. मालवाहू यान यायला बराच अवकाश होता. ताई साखर-मीठ-पाणी करून स्वतः पाजू लागल्या. पण जितकं पाजावं तितका तो सुकतच चालला.

"मनापासून पीतच नाही हा!" त्या चिडल्या. "घे, अजून दोन घोट!"

जयवंतने निमूट घेतले. मग पोट धरून पुटपुटला, "अळमी खाल्ल्यार अशीच गुडगुड करता."

ताईंचा हात थबकला.

"काय झालं?" मुजावरांनी विचारलं.

"डॉक्टर, अळंबीत हीच साखर असते."

मुजावरांनी पेल्यातल्या पाण्याकडे पाहिलं. "आतड्याच्या दारातून ग्लुकोज सुटं असेल तरच आत जातं. ही साखर म्हणजे दोन ग्लुकोजची जोडी. आपल्या दारातलं विकर ती फोडतं. याच्याकडे ते विकरच नसणार. न फुटलेली साखर आतड्यातच राहते आणि अंगातलं पाणी ओढून घेते."

"आणि मी तीच पाजतेय. आग्रह करून. तळावर दुसरी साखर ठेवलीच नाही मी." शरमेने त्यांचे कान तापले.

"ते विकर इथे मिळायचं कुठून?"

"रातकिड्यांकडून," ताई खाल मानेने म्हणाल्या. "त्यांच्या रक्तात मुख्यतः हीच साखर वाहते. उडी मारायची तरी ती फोडून ग्लुकोज करावं लागतं."

प्रथिनांसाठी पाळलेल्या त्या रातकिड्यांना शाकाहारी ताईंनी कधी स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं. आता त्या स्वतः ते वाटायला बसल्या. गाळलेला अर्क साखरपाण्यात मिसळून ठेवला आणि थोड्या वेळाने ग्लुकोजची पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बदलला. साखर फुटली होती.

ते पाणी जयवंतला मानवलं. हळूहळू तो उठून बसला, आणि घरी बोलायचं म्हणाला.

पडद्यावर त्याची आई आली. ताईंना बघून तिने हात जोडले. "तुमीच माज्या झिलाक वाचवलास." मग जरा थांबून तिने विचारलं, "पण ह्येका अळमी सोसत नाय, ता ह्येणी तुमका सांगूक नाय?"

ताईंनी तोंड उघडलं. पळीला सरावलेला हात नुसताच पदराशी चाळा करत राहिला.

"नाय गे आये," जयवंत म्हणाला, "मीच सांगूक इसारलंय."